पेनड्राइव्हच्या पत्त्यातला आकडा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतही शाळा-दुकानांतल्या धडधाकट संगणकांपुढे भंगाराची वाट उघडली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवणे हा त्यांना वाचवण्याचा स्वस्त उपाय. तो अडला की बोल पेनड्राइव्हला लागतो. संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीने, म्हणजे फर्मवेअरने, त्याच्या पत्त्यातला आकडा कसा लिहिला, हे कुणी तपासत नाही.

हे समजायला फ्लॉपी-सीडीची वर्षे ओलांडून २००५ ते २०१५ या दशकाशी थांबायला हवे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत मुलांसाठी बनवलेले एक्सओ लॅपटॉप आले. त्यांना ना हार्ड डिस्क, ना सीडी. बाहेरून प्रणाली भरायची तर यूएसबीचा किंवा एसडी कार्डाचा आधार. आत ओपन फर्मवेअर होते. १९९४ च्या आयईईई १२७५ मानकानुसार त्यात उपकरणाचा पत्ता पायरीपायरीने लिहिला जाई: आधी पीसीआय, मग यूएसबी, मग डिस्क, प्रत्येकापुढे सोळाच्या पायाचा आकडा. माणसाला वाचता येणारी, हाताने टाइप करता येणारी ती सुरेख लिपी आज जवळपास गेली, याचे खरेच वाईट वाटते. आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूएमूने बूटचा क्रम सांगायला पुढे हीच धाटणी उचलली.

खोट लपते ती इथे. शून्य ते नऊ हे आकडे दहाच्या आणि सोळाच्या पायात सारखेच दिसतात, म्हणून चाचण्या सुरळीत पार पडतात. इंटेलच्या अनेक चिपसंचांत यूएसबी ३ चा नियंत्रक विसाव्या क्रमांकावर असतो. सोळाच्या पायात तो १४ लिहितात. कुणी साधे २० लिहिले, तर वाचणारा ते ३२ समजतो, आणि पीसीआयच्या बसवर क्रमांक ३१ लाच संपतात. सातबाऱ्यावर १२/१ चे १२१ झाले, तर रानच बदलते, तसेच हे. वाचणाऱ्यानेच दोन्ही रीती सांभाळाव्यात, असे काहीजण म्हणतात. पण १४ दोन्हीकडे वैध आहे. खरा कोणता, हे त्याने कशावरून ठरवायचे? दुरुस्ती लिहिणाऱ्याकडेच व्हायला हवी. या दुरुस्तीने जुने साठवलेले पत्ते मोडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण बूटचा क्रम एकदा नव्याने लावणे, हे दर वेळी काळ्या पडद्याशी झगडण्यापेक्षा सोपे. आजच्या संगणकांतल्या यूईएफआय फर्मवेअरच्या लेखी पत्त्यात आकड्याआधी शून्य-एक्स येते, त्यामुळे पायाबद्दल संशय उरत नाही. मात्र मेन्यूत तो पत्ता बहुधा दिसतच नाही. बूट फसल्यावर तरी फर्मवेअरने तो अख्खा पडद्यावर दाखवावा.