मोडाच्या पिठाची ताकद जपा

ताईंनो, नाचणी सत्त्व आपल्या बऱ्याच गटांत बनतं. पण मोड आणलेल्या पिठाची खीर साध्या पिठापेक्षा पातळ का होते, ते पाहू.

पीठ शिजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि खीर घट्ट होते. बाळाला घट्ट खीर गिळवत नाही, म्हणून आपण पाणी वाढवतो. बाळाचं पोट मात्र वाटीभराचं. पोट पाण्याने भरतं, अंगाला लागत नाही.

धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर पातळ राहते आणि थोडीशी गोडही लागते.

या विकराचा सगळा खेळ उष्णतेवर आहे. साधारण ६० ते ७० अंशांवर ते झपाट्याने काम करतं, उकळलं की मरतं. मक्यापासून द्रव ग्लुकोज बनवणाऱ्या कारखान्यांत मात्र बॅसिलस जातीच्या जिवाणूंचं अमायलेज वापरतात. ते १०० अंशांच्या आसपासही टिकतं. आपल्या नाचणीचं तसं नाही, म्हणून जपावं लागतं.

पीठ असं करा:
• नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणा. बुरशी दिसली तर टाकून द्या.
• आधी खडखडीत वाळवा. ओली नाचणी भाजली तर विकर लवकर मरतं.
• मोड चोळून काढा, मंद आचेवर हलकं भाजा, दळा.
• ज्वारीच्या कोंबात विषारी अंश असतो. यासाठी नाचणी किंवा गहूच घ्या.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी साध्या पिठाची घट्ट खीर शिजवा. खाली उतरवून वाफ थोडी ओसरू द्या. मग चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळा, दहा मिनिटं झाका. खीर सैल झाली की पुन्हा एक उकळी द्या. मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून ही उकळी चुकवू नका.

विक्रीची पाकिटं भरण्याआधीही हीच परीक्षा घ्या. एकाच खिरीच्या दोन वाट्या करा, एकीतच पीठ घाला. दहा मिनिटांनी फरक दिसला नाही, तर भाजणी जास्त झाली. ते पीठ लाडवाला, भाकरीला वापरा. बाळाच्या सत्त्वाच्या पाकिटात भरू नका.