सांभाळणारीचे तास

इस्लापूरकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. रक्कम ठरते, धान्य ठरते, उचल ठरते. तास ठरत नाहीत. बोली गड्याची होते. पण मालकाच्या गोठ्यातले शेणघाण आणि अंगणझाड त्याच्या बायकोच्या वाट्याला येते, आणि तिच्या नावाचा आकडा त्या बोलीत नसतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातल्या ‘भगेला’ पद्धतीचे नाव १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात नोंदले आहे. कायद्याने वेठ संपली, न मोजण्याची सवय राहिली.

ज्या ओसरीवर आजीला पाऊल ठेवता येत नव्हते, तसल्याच घरातले मूल आज तिची नात नांदेडला कडेवर घेऊन फिरवते. (आडनाव विचारले जातेच.) आईबाप नोकरीला, ही सकाळी आठ ते रात्री आठ. तिच्या तासांचा हिशेब एकदा मांडून पाहू.

समजा, ८ तासांची मजुरी ४०० रुपये धरली. म्हणजे तासाला ५०. आठवड्यात सहा दिवस, दररोज १२ तास, एकूण ७२ तास. पहिल्या ४८ तासांचे २,४०० रुपये होतात. उरलेल्या २४ तासांना दुप्पट दर लावला तर पुन्हा २,४००. जादा कामाचे वेतन मूळ वेतनाएवढेच भरते! हे पैसे तिच्या हाती पडत नाहीत. ज्या घरात ती राबते तिथेच ते मुरतात.

दुप्पट दर ही काही आमच्या मनातली कल्पना नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १९४८ च्या कायद्याने दिवसाच्या ९ किंवा आठवड्याच्या ४८ तासांपुढील कामाला दुप्पट दर लावला. पण घर म्हणजे कारखाना नव्हे, असे व्यवस्थेने ठरवून ठेवले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येतून घरकाम स्पष्ट वगळले. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणी आणि कल्याणाच्या योजना देतो. तासांना तो हात लावत नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, कारण त्या एका गल्लीत दहाजणी होत्या. मूल सांभाळायला घरातच राहणारी एकटी असते. तिने कोणाबरोबर संप करावा?

तिच्या रात्रीचे काय, हा खरा पेच आहे. पाळण्याशेजारी ती झोपते, पण तिची झोप तिची नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात हे ओळखले आहे. हाकेसरशी उठावे लागेल म्हणून अडकून पडलेला वेळही देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत कामाचा धरावा, आठवड्यात सलग २४ तास सुटी द्यावी, असे तो सांगतो. भारताने कराराच्या बाजूने मत दिले. मंजुरी दिलेली नाही.

अमेरिकेतही असेच घडले. १९३८ च्या तिथल्या वेतन कायद्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले गेले. दक्षिणेतले काळे लोक मोठ्या संख्येने याच दोन कामांत होते, हे ध्यानात घ्यावे. घरकामगार त्या कायद्यात १९७४ साली आले, तरी मालकाच्या घरी राहणारीला जादा वेतन मिळाले नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१० साली तिला ४४ तासांपुढे दीडपट दर दिला.

त्याच न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. आरोप असा होता की, मुले सांभाळायला नेलेल्या बाईसाठी व्हिसाच्या करारात तासाला ९.७५ डॉलर दाखवले आणि दुसऱ्या करारात जादा कामासह महिन्याला कमाल ३०,००० रुपये ठरवले. त्यांनी आरोप नाकारले. मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला रद्द झाला आणि दोनच दिवसांत आरोप पुन्हा दाखल झाले. खरेखोटे न्यायालयात ठरले नाही. अटकेतली वागणूक अपमानास्पद होती, आणि मुंबईत रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी निदर्शने केली, ती समजण्यासारखीच होती. पण त्या गदारोळात सांभाळणारीच्या तासांविषयी आपण किती बोललो?

हा प्रश्न टोचतो, कारण आता आपल्यातले काही जण मालक झाले आहेत. शिकलो, नोकऱ्या लागल्या, घरी बाई आली. ‘ती आमच्या घरातलीच आहे’ हे वाक्य आपल्याही तोंडी आले. घरातल्याला रजा मागावी लागत नाही, तिला लागते. वाड्यावरचा मालकही सालगड्याला घरातलाच म्हणत असे.

कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कामाला लावताना एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : रोजचे तास, त्यापुढे तासाचा दर, सुटीचा वार, रात्री उठावे लागल्यास वेगळे पैसे. कागदाच्या दोन प्रती, एक तिच्याजवळ. स्वयंपाकघरात दिनदर्शिकेला पेन बांधावे. आल्याची नि गेल्याची वेळ तिनेच लिहावी. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराने तिच्यासमोर लिहावी आणि तिला वाचून दाखवावी.