ओव्हनमधील सुकामेवा

बदाम, अक्रोड आणि शेंगदाणे यांची प्रकृती भिन्न असल्यामुळे, त्यांना एकाच ताटात, एकाच मुदतीने भाजण्याची तजवीज मुळीच करू नये. १७० अंश सेल्सियसपर्यंत आधीच तापविलेल्या ओव्हनमध्ये, एका थरात पसरलेल्या अख्ख्या बदामांना १० ते १२ मिनिटे लागतात. ज्यांतील स्नेह उष्णतेने त्वरित विकृत होतो, त्या अक्रोडांना मात्र ७ ते ९ मिनिटेच पुरतात. अमिनो आम्ले व शर्करा यांच्या ज्या संयोगाचे वर्णन फ्रेंच रसायनज्ञ माय्यार यांनी १९१२ साली केले, त्यातूनच तो मोहक तांबूस वर्ण व सुगंध उद्भवतो. आणि बाहेर काढल्यावरही उष्णतेचा अंमल काही काळ जारी राहत असल्याने, इष्ट रंग येण्याच्या किंचित आधीच दाणे थंड थाळीत पसरावे. खुसखुशीतपणा निवल्यावरच येतो. गरम दाणा मऊ लागला, म्हणून तो पुन्हा आत धाडू नये.