कांजिण्यांची लस : पालकांचे प्रश्न, आपली उत्तरे

‘डॉक्टरसाहेब, कांजिण्या तर आमच्या घरात सगळ्यांनाच येऊन गेल्या. त्यासाठी लस कशाला?’ नातवाला घेऊन आलेल्या आजीबाईंचा हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे नीट उत्तर देणे आपणा डॉक्टरांचे कर्तव्य ठरते.

इंदूरमध्ये बाजारालाही शीतलामातेचे नाव आहे आणि माळव्यात शीतला सप्तमीला चूल न पेटवता थंड जेवण जेवतात. कांजिण्यांना इथे आजही ‘छोटी माता’ म्हणतात. देवीच्या भीषण रोगापुढे कांजिण्या सौम्यच वाटणार! परंतु याच श्रद्धाळू घरांनी मुलांना देवी टोचूनही घेतल्या, आणि १९८० साली देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. श्रद्धा आणि लस एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

दुसरा प्रश्न तरुण पालकांचा असतो : ‘सरकारी वेळापत्रकात ही लस नाही, मग ती आवश्यक कशी?’ सार्वत्रिक लसीकरणात अधिक बालमृत्यू टाळणाऱ्या लसींना आधी स्थान मिळते. यादीत नसलेली लस निरुपयोगी असते, असे नव्हे. खर्च मात्र पालकांनाच करावा लागतो, ही अडचण खरी आहे.

मी स्वतःही पूर्वी ‘ऐच्छिक आहे, नाही घेतली तरी चालेल’ असे सांगून मोकळा होत असे. एका कुटुंबालाही तसेच सांगितले होते. पुढे त्यांच्या थोरल्या मुलीला शाळेतून कांजिण्या आल्या आणि तिच्यापासून पूर्ण दिवस भरलेल्या आईला. पुरळ उठल्यावर तिसऱ्या दिवशी प्रसूती झाली. प्रसूतीपूर्वी पाच दिवसांपासून प्रसूतीनंतर दोन दिवसांपर्यंत आईला पुरळ उठल्यास तिची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचलेली नसतात, आणि नवजात बाळाचा आजार प्राणघातक ठरू शकतो. ते बाळ वाचले. ‘थोरलीला लस दिली असती तर?’ हा वडिलांचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

बहुतेक मुलांत कांजिण्या सौम्य असतात, हे खरेच. तथापि काहींना त्वचेचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया वा मेंदूदाह होतो. शिवाय उष्ण प्रदेशांत अनेकांना बालपणी कांजिण्या येतच नाहीत. मोठेपणी आल्या तर त्या अधिक तीव्र असतात. हा विषाणू मज्जापेशींत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो.

जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली या विषाणूची क्षीण केलेली लस जगापुढे मांडली. भारतीय बालरोगतज्ज्ञांची अकादमी पहिली मात्रा १५ व्या महिन्यात व दुसरी त्यानंतर ३ ते ६ महिन्यांनी देण्याची शिफारस करते. लस घेऊनही क्वचित चार-दोन पुटकुळ्या येतात. गंभीर आजार मात्र बहुधा टळतो.

ही लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भवतींना आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांना देता येत नाही. त्यांचे रक्षण भोवतालच्या निरोगी मुलांच्या लसीकरणानेच होते. तेव्हा डॉक्टर बंधुभगिनींनो, ‘ऐच्छिक’ हा शब्द उच्चारून थांबू नका. दोन मिनिटे बसून सारे समजावून सांगा, आणि मग निर्णय पालकांवर सोपवा.