शुक्रवारची संध्याकाळ आणि आपला नातू

माझा नऊ वर्षांचा नातू ऑटिस्टिक आहे. शुक्रवारी सारे कुटुंब जमून शब्बाथची गाणी सुरू झाली, की तो कान झाकून टेबलाखाली शिरायचा. "लाडाने बिघडलाय," असे मीच म्हणत असे. ते माझे चुकले. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे, आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे. आपल्याला गोड वाटणारा गलका अशा मुलाला खरोखर त्रास देऊ शकतो.

आता दुपारीच मी त्याला चार चित्रे दाखवते: मेणबत्त्या, किद्दुश, जेवण, मग त्याची खोली. पुढे काय होणार हे ठाऊक असले की धास्ती कमी होते. भात आणि माशांचे कालवण वेगवेगळे वाढते, कालवलेले त्याला चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि उत्तरासाठी थांबते. पापा घेण्याची सक्ती कोणालाही करू देत नाही. गलका असह्य झाला तर तो खोलीत जातो. कोणी रागावत नाही.

गेल्या शुक्रवारी किद्दुशनंतर तो आपणहून "आमेन" म्हणाला.

आजी-आजोबांनो, नातवंडाला कोणता आवाज, कोणता स्पर्श सोसत नाही, हे त्याच्या आईबापांना विचारा. सुरुवात तिथूनच करा.