फिल्टर घेताना हे पाहा

माप : लेन्सच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत व्यास लिहिलेला असतो, उदा. ६७ किंवा ७७ मिमी.

काच : कोटिंग नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. मल्टिकोटेड काचेत हे प्रमाण बरेच घटते.

कडे : फिल्टरचे पितळी कडे ॲल्युमिनियमपेक्षा लेन्सच्या आट्यांत कमी अडकते.

यूव्ही : बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सरपुढची काचच अतिनील किरण अडवते. हा फिल्टर उरतो लेन्सच्या संरक्षणापुरता.

पोलरायझर : पाण्यावरची, पानांवरची चमक काढतो, १ ते २ स्टॉप प्रकाश खातो. हा परिणाम संगणकावर नीट साधत नाही, म्हणून पैसे आधी इथे घाला.

किंमत : व्यासाबरोबर वाढते. सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच उत्तम फिल्टर घ्या. लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावा.