कानात हेडफोन, आत काजळी

गेल्या पावसाळ्यात मक्यावरची लष्करी अळी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. बांधावर ट्रॅक्टर उभा आणि विशी-बाविशीचा पोरगा डाव्या कानावर पंजा दाबून चाकाला टेकून बसलेला. "साहेब, अळीचं नंतर बघू. आधी कानाला काही औषध सांगा, तीन रात्री डोळा नाही लागला," म्हणाला. आधी खाज, मग दडा, मग ठणका. घरच्यांनी तेलात लसूण कडवून कोमट करून ओतले होते. मेडिकलमधून विचारून थेंबही आणून झाले होते. उतार काही पडेना. गळ्यात बेल्टचा हेडफोन मात्र तसाच लोंबत होता.

आपल्याकडे कानात खुपसायचे बोंड असो की डोक्यावरून घ्यायच्या वाट्या, सगळ्याला हेडफोनच म्हणतात. नांगरटीला, रोटाव्हेटरला, कांदे निवडायला, रात्रीची वीज असेल तर दारे धरायला, जिथे जावे तिथे कानात काहीतरी असते. एकट्याच्या कामाला सोबत होते हे खरे. पण दिवसाचे सात-आठ तास कान बुजलेला ठेवला की काय होते, हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेकांबरोबर मीही तालुक्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून कानाचा आतला भाग पडद्यावर दाखवला. पांढरट कापसासारखा थर आणि त्यावर काळे ठिपके. बाप पटकन बोलून गेला, "आरं, ह्यो तर चाळीतला काजळी आलेला कांदा!" डॉक्टर हसले, पण म्हातारा चुकला नव्हता. त्यांनी बुरशीचे नाव सांगितले ॲस्परजिलस नायजर. पदविकेला असताना हेच नाव आम्ही कांद्यावरची काळी बुरशी आणि भुईमुगाची मानकूज म्हणून पाठ केले होते. करोनाच्या काळात २०२१ साली जिला काळी बुरशी म्हणत होते ती वेगळी, तिच्याशी याची गल्लत करू नये.

कांदा उत्पादकांना कारण समजावून सांगायला नकोच. चाळीत हवा खेळली नाही, ऊब आणि ओल कोंडली, की काजळी धरते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, तीही वाकडी. रबराचे बोंड बसवले की घाम आत कोंडतो. त्यात नळीतला मळ ही घाण नव्हे. तो कातडीचे रक्षण करतो आणि जबडा हलतो तसा आपोआप बाहेर सरकत येतो. बोंड त्याला उलट आत ढकलते. मग दडा बसतो, आपण काडी नाहीतर गाडीची चावी घालतो, कातडी खरचटते आणि बुरशीला मशागत केलेले रान मिळते. वरून तेल म्हणजे आणखी ओल. या पोराने आणलेले थेंब जंतूंवरचे होते, बुरशीवरचे नव्हते. अशा थेंबांनी बुरशी कधी कधी जास्तच फोफावते. करप्यावर कीटकनाशक मारल्यासारखाच तो प्रकार.

फवारणीच्या दिवसांत यापेक्षा गंभीर गोष्ट घडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. तेव्हापासून हातमोजे, मास्क हे आम्ही सभेत सांगतो, कानाचे मात्र राहून जाते. पॅराथिऑनवर झालेल्या जुन्या अभ्यासात मनगटाजवळच्या कातडीतून जेवढे औषध शरीरात शोषले गेले, त्याच्या पाचपटीहून अधिक कानाच्या नळीतून गेले होते. औषध कालवलेल्या हाताने बोंड सारखे करणे म्हणजे काय, ते यावरून समजून घ्यावे.

डोक्यावरच्या वाट्यांचे दुखणे निराळे. कानाची पाळी म्हणजे कुर्चेवर ताणलेली कातडी, मध्ये गादी नाही. पट्टा घट्ट असला आणि त्यात चष्म्याची दांडी दबली, की तासाभरात कानामागे कळ येते. खात्याच्या ऑनलाइन बैठकांत हा अनुभव मी स्वतः पुरेपूर घेतला आहे. पट्टा सैल करणे आणि मधूनमधून काढून ठेवणे, एवढ्यावर ते भागते.

आवाजाचे मात्र भागत नाही. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरचा आवाज चालकाच्या कानाशी नव्वद डेसिबलच्या घरात जातो. गाणे ऐकू यावे म्हणून पोरे त्याच्यावर आवाज चढवतात. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. काम थांबल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली तर ती पहिली खूण समजावी. ट्रॅक्टरवर कानाला काही लावायचेच असेल तर आवाज अडवणारे इअरमफ लावावेत. कापसाच्या बोळ्याने फारसे काही अडत नाही.

बोंड वापरायचेच असेल तर खोक्यात बहुधा तीन मापांची रबरे येतात, त्यातले न रुतणारे घ्यावे. रबर रोज पुसून कोरडे करावे आणि दुसऱ्याचे आपल्या कानात घालू नये. कानातून पाणी येत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर सांगोवांगीचे थेंब टाकूच नयेत. मधुमेह असलेल्या माणसाचा कान ठणकू लागला तर त्याने बाजारच्या दिवसाची वाट पाहू नये. अशा रुग्णात हे दुखणे हाडापर्यंत जाऊ शकते.

डॉक्टरांनी पोराचा कान यंत्राने ओढून साफ केला, बुरशीवरचे थेंब दिले आणि कान कोरडा ठेवायला सांगितले. दोन वेळा पुन्हा जावे लागले. डिझेल आणि बुडालेली भाडी धरून खर्च किती झाला, ते बापाने मला मोजून दाखवले. हेडफोन आता घरात खुंटीला आहे. परवा भेटला तेव्हा सांगत होता, रोटाव्हेटरचे एक पाते सैल झाल्याची खडखड त्याला सीटवरच ऐकू आली. खाली उतरून त्याने बोल्ट आवळला आणि उरलेले दोन वाफे उरकले.